पोकेमॉन आणि परिग्रह-परिमाण

२०१६ चा चातुर्मास कार्तिकी पौर्णिमेस, १४ नोव्हेंबर रोजी संपला. त्यानंतर चौथ्या दिवशी, १८ नोव्हेंबर २०१६ रोजी, ‘पोकेमॉन सन’ आणि ‘पोकेमॉन मून’ हे दोन व्हिडिओ गेम जपान, अमेरिका व ऑस्ट्रेलियाच्या बाजारांत आले. युरोपात ते २३ तारखेस आले. खानदेशातील जैन घरांत त्याआधी पहिली तारीख थोरांच्या तोंडी होती आणि दुसरी मुलांच्या. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर दिवाळीच्या मालात हा खेळ मांडलेला दिसत नव्हता, कारण तो तेव्हा निघालेलाच नव्हता. तरीही तो येणार होता. कुणाच्या दुबईच्या काकांच्या बॅगेतून येणार होता, कुणाच्या अमेरिकेत शिकणाऱ्या आतेभावाकडून येणार होता. वहीपूजनाच्या गडबडीत नातू आजोबांजवळ हळूच विषय काढणार, आजोबा सुनेकडे पाहणार, आणि सून म्हणणार होती, ‘त्यात अंडी असतात म्हणे.’

या ‘म्हणे’मागे काय आहे ते आधी पाहावे. जुलै २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ हा मोबाइलवरचा खेळ परदेशांत सुरू झाला. खेळणारा रस्त्याने चालतो, आणि तो जिथे उभा असेल तिथले चित्रमय प्राणी, वस्तू व अंडी त्याच्या मोबाइलच्या पडद्यावर उमटतात. भारतात हा खेळ तेव्हा अधिकृतपणे आलेला नव्हता. पण आडमार्गाने उतरवून घेणारे निघालेच. सप्टेंबरात गुजरात उच्च न्यायालयात त्याविरुद्ध जनहित याचिका दाखल झाली. देवळे व मंदिरे यांच्या जागी या खेळात अंडी मिळतात आणि त्यामुळे हिंदू व जैन भाविकांच्या भावना दुखावतात, असे त्यातले एक प्रमुख म्हणणे होते. न्यायालयाने सरकारला आणि खेळ चालवणाऱ्या नायँटिक कंपनीला नोटिसा काढल्या. वर्तमानपत्रांत मथळे आले, आणि तेव्हापासून पोकेमॉन म्हणजे अंडी हे समीकरण घरोघरी पक्के झाले.

तक्रार खोटी नाही, पण ती फार दूर जात नाही. या खेळात अंडे कुणी फोडत नाही, शिजवत नाही, खात नाही. ते जवळ बाळगून ठरलेले अंतर, म्हणजे २०१६ साली २, ५ किंवा १० किलोमीटर, चालले की त्यातून पिल्लू बाहेर येते. मंदिराच्या आवारात मोबाइल हातात धरून हिंडणे अनुचित आहे, हे खरे. परंतु ते पडद्यावर अंडे असो वा क्रिकेटचा धावफलक असो, सारखेच अनुचित आहे. पादत्राणांप्रमाणे मोबाइलही बाहेर ठेवावा, एवढे सांगण्यास न्यायालयाची गरज पडू नये. शिवाय नोव्हेंबरात आलेला खेळ निराळा आहे. तो निन्टेंडो थ्रीडीएस या हातात मावणाऱ्या यंत्रावर चालतो. खेळणारा स्थानकात बसला आहे की पेढीवर, हे त्याला कळत नाही आणि कळून त्याचा उपयोगही नाही. अंडी त्यातही आहेत, पण ती मंदिरात नाहीत. म्हणून अंड्याचा मुद्दा इथे थोडा वेळ बाजूस ठेवावा. पुढे तो निराळ्याच वाटेने परत येणार आहे.

या खेळाचा जन्म ऐकून मात्र कोणाही श्रावकाला क्षणभर कसेसे वाटेल. सातोशी ताजिरी हे त्याचे जनक. टोकियोच्या कडेला असलेल्या माचिदा या गावात वाढताना त्यांना किडे गोळा करण्याचा नाद होता. पुढे शेते व तळी बुजवून इमारती झाल्या, किडे नाहीसे झाले, आणि पुढच्या मुलांना हा आनंद मिळणार नाही याची खंत त्यांना लागून राहिली. त्याच सुमारास ‘गेम बॉय’ नावाचे खिशातले यंत्र निघाले होते. दोन यंत्रे एका तारेने जोडता येत. या तारेवरून एखादा किडा एका मुलाकडून दुसऱ्याकडे सरपटत जात आहे, असे चित्र त्यांच्या मनात आले, आणि त्यातून २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानात पहिले दोन खेळ निघाले. जिवंत किड्यांच्या जागी चित्रे आली, हे जीवदयेच्या दृष्टीने बरेच झाले म्हणावे. पण छंदाचा गाभा तोच राहिला: शोधावे, पकडावे, जमवावे, आणि दुसऱ्याकडे असलेले आपल्याकडे आणावे.

खेळणारा एका मुलाची किंवा मुलीची भूमिका घेतो. घरून निघतो, गावोगाव फिरतो, गवतात भेटणाऱ्या प्राण्यांना एका चेंडूत पकडतो, त्यांना वाढवतो आणि इतरांच्या प्राण्यांशी लढवतो. पहिल्या वेळी असे १५१ प्राणी होते. या नव्या खेळापूर्वी ७२१ होते, आणि नव्या खेळात त्यांत भर पडली. या खेळाची कथा अलोला नावाच्या चार बेटांवर घडते; ती हवाई बेटांवरून बेतली आहेत. आरंभी घुबड, मांजर किंवा समुद्रसिंह यांतले एक पिल्लू निवडायचे असते. ‘सन’मधील घड्याळ यंत्राच्या वेळेने चालते, ‘मून’मधले बारा तास पुढे. म्हणजे चौविहार करून मुलगा यंत्र हाती घेईल तेव्हा ‘मून’मध्ये लख्ख सकाळ असेल. कोणत्या आईने कोणता खेळ पसंत करावा, हे यावरून तिने ठरवावे.

खानदेशात हे नाव नवे नाही. २००३ पासून पोकेमॉनची मालिका हिंदीत कार्टून नेटवर्कवर दिसू लागली, आणि त्यापाठोपाठ वेफर्सच्या पुड्यांतून पोकेमॉनची चित्रे छापलेल्या प्लॅस्टिकच्या चकत्या, म्हणजे ताझो, निघाले. आज ज्यांच्याकडे दुकानाच्या किल्ल्या आहेत अशा कित्येक तरुण बापांनी ते जमवले आहेत. ज्या घरांत कंदमूळ वर्ज्य, तिथे बटाट्याचे वेफर्स येण्याचा प्रश्नच नव्हता. पण ताझो येत. शाळेतल्या मित्राने वेफर्स खावेत आणि चकती आपल्याला द्यावी, बदल्यात त्याने गोट्या किंवा खोडरबर घ्यावे, असा तो सौदा असे. बटाटा सुटला, चकती राहिली. तोंडाचा नियम पाळला गेला आणि हाताची ओढ तशीच राहिली, याकडे तेव्हा कुणाचे लक्ष गेले नाही.

आता लढतीचे. हा आक्षेप अंड्याहून बराच जड आहे. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड-विरमण नावाचे एक गुणव्रत आहे: ज्याचे काही प्रयोजन नाही असे पाप टाळणे. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त या व्रताखाली प्रमादाची उदाहरणे दिली, त्यांत जुगार, मद्य यांच्याबरोबर प्राण्यांच्या झुंजी लावण्याचाही उल्लेख आहे. कोंबड्यांच्या आणि एडक्यांच्या झुंजी त्या काळी लोकांच्या करमणुकीच्या होत्या. आता कुणी म्हणेल, पडद्यावरचे प्राणी खरे कुठे आहेत? त्यावर जैन कथासाहित्याने फार पूर्वी एक गोष्ट सांगून ठेवली आहे. उज्जयिनीचा राजा यशोधर जिवंत प्राण्याचा बळी देण्यास नकार देतो. आई चंद्रमतीच्या आग्रहापुढे तो तडजोड करतो आणि पिठाचा कोंबडा करून देवीपुढे कापतो. पिठाला प्राण नव्हता. पण कापणाऱ्या हातामागे मारण्याचा भाव होता, आणि त्यापायी माय-लेकांना अनेक पशुयोनींतून फिरावे लागले, कोंबड्याच्याही. सोमदेवसूरींनी ९५९ साली ‘यशस्तिलक’ रचले, पुष्पदंतांनी ‘जसहरचरिउ’ लिहिले. दिगंबर व श्वेतांबर दोन्ही परंपरांनी ही कथा पुन्हा पुन्हा सांगितली. ‘खोटेच तर आहे’ हे उत्तर इतक्या सहज देता येत नाही, हे तिच्यातून दिसते.

तरी खेळातील झुंज नेमकी कशी आहे, हे न पाहता निकाल देणे बरे नव्हे. कोणी मरत नाही. हरलेला प्राणी मूर्च्छित होतो आणि गावातल्या शुश्रूषागृहात फुकट बरा होतो. रक्त नाही, जखम नाही. युरोपातल्या वर्गीकरणाप्रमाणे हा खेळ ७ वर्षांवरील मुलांसाठी आहे. लढत बारीप्रमाणे होते: आधी एकाची चाल, मग दुसऱ्याची. पाणी आगीवर भारी, आग गवतावर, गवत पाण्यावर, असे १८ प्रकारांचे कोष्टक मुलाला पाठ असावे लागते. रंगात आलेला मुलगा बहुधा बुद्धिबळ खेळणाऱ्यासारखा दिसतो. कपाळाला आठी, ओठ मिटलेले. पण सगळेच असे नसतात. एखादा दात-ओठ खाऊन खेळतो, हरल्यावर यंत्र आपटतो, धाकट्या बहिणीच्या प्राण्याला मूर्च्छा आली की टाळ्या पिटतो. खेळ एकच असतो, भाव निराळे असतात, आणि ते शेजारी बसल्याशिवाय कळत नाहीत. डब्यावर छापलेले वय पाहून हा निर्णय होत नाही.

खेळ रचणाऱ्यांना हा प्रश्न सुचला नव्हता असे नाही. २०१० साली जपानात व पुढच्या वर्षी इतरत्र आलेल्या ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’ या खेळांत ‘एन’ नावाचा तरुण आहे. प्राण्यांना चेंडूत कोंडून लढवणे हा अन्याय आहे, त्यांना मुक्त करा, असे तो कळवळून सांगतो. त्याच्यामागे एक संघटना उभी असते. पुढे उघड होते की संघटनेच्या सूत्रधाराला मुक्ती नकोच आहे. इतरांनी आपापले प्राणी सोडून द्यावेत आणि शक्ती एकट्याच्या हाती राहावी, असा त्याचा बेत आहे. दुसऱ्यांना त्याग सांगून स्वतःचे कोठार भरणारा हा माणूस मुलांना लगेच ओळखू येतो. थोरांनाही यावा.

इथेच त्या तिसऱ्या गोष्टीशी येऊन पोहोचावे लागते, जी याचिकेत नव्हती आणि घरातल्या बोलण्यातही सहसा येत नाही. या खेळाचे प्रसिद्ध ब्रीद ‘सगळे पकडायचेच’ अशा अर्थाचे आहे. जैन घराने विचारावा असा खरा प्रश्न या ‘सगळे’पाशी आहे. पाचवे अणुव्रत परिग्रहाच्या परिमाणाचे. उमास्वातींनी ‘तत्त्वार्थसूत्रा’त परिग्रहाची व्याख्या ‘मूर्च्छा’ या शब्दाने केली, म्हणजे वस्तूविषयी आसक्ती. खेळात मूर्च्छा प्राण्याला येते असे पडद्यावर दिसते; शास्त्राच्या दृष्टीने ती खेळणाराला आलेली असते.

हिशेब व्यापाऱ्याच्या पद्धतीने मांडला तर चटकन समजेल. खेळणाऱ्याला एका वेळी सहाच प्राणी बरोबर ठेवता येतात. लढाई सहांनीच होते, प्रवास सहांनीच होतो, कथाही सहांत पूर्ण होते. उरलेले सगळे पेट्यांत जातात. २०१३ च्या ‘एक्स’ व ‘वाय’ या खेळांत अशा ३१ पेट्या होत्या, प्रत्येकीत ३० जागा, एकूण ९३०. त्या वेळी अस्तित्वात असलेल्या प्राण्यांच्या जातींपेक्षा गोदाम मोठे! तेही पुरत नसेल तर ‘पोकेमॉन बँक’ होती: ३,००० प्राणी ठेवण्याची सोय, २०१६ साली वर्षाला सुमारे ५ डॉलर भाडे. नसलेल्या मालासाठी नसलेले गोदाम आणि त्याचे भाडे मात्र खरे. दाणाबाजारात आयुष्य काढलेल्या आजोबांनीही या कल्पकतेपुढे हात जोडावेत. जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत पांजरापोळ आहे. तिथे जनावर येते ते कुणाला नकोसे झालेले असते, आणि संस्था त्याला मरेपर्यंत सांभाळते. पोकेमॉनच्या पेटीत उलट घडते. हवासा म्हणून पकडलेला प्राणी तिथे जाऊन पडतो आणि त्याचे नावही मुलाला आठवत नाही. सोडून देण्याची सोय खेळात आहे. पण सोडल्यावर काही मिळत नाही, म्हणून त्या बटनाकडे कोणी फिरकत नाही.

एकाच खेळाच्या दोन आवृत्त्या काढण्यामागेही हीच चतुराई आहे. काही प्राणी फक्त ‘सन’मध्ये सापडतात, काही फक्त ‘मून’मध्ये. एकट्याने कितीही घाम गाळला तरी यादी पुरी होत नाही. मग एक तर दुसऱ्याशी देवाणघेवाण करावी, नाही तर दोन्ही कार्डे विकत घ्यावीत. २०१६ साली प्रत्येकाची किंमत सुमारे ४० डॉलर होती. एका कार्डात एकाच मुलाची वाटचाल जतन होते. धाकट्याने नव्याने सुरू केले की थोरल्याची पुसली जाते. दोन भावांच्या घरात त्यामुळे काय होते, हे सांगायला नको.

मात्र देवाणघेवाणीचा भाग व्यापारी घराला आवडण्यासारखा आहे, आणि तो या खेळातला सर्वांत चांगला भाग आहे हे मान्य करावे. माझ्याकडे जास्त आहे ते तुला, तुझ्याकडे जास्त आहे ते मला. दोघांनी होकार दिल्याशिवाय सौदा होत नाही, आणि झालेला सौदा मोडता येत नाही. काही प्राणी तर हात बदलल्याशिवाय मोठेच होत नाहीत, पहिल्या मालकाकडे जन्मभर अर्धवट राहतात. ही गोष्ट नातवाने आजोबांना समजावून सांगावी. आजोबांना ती नातवापेक्षा अधिक कळेल.

शास्त्र ‘काहीच बाळगू नका’ असे गृहस्थाला सांगत नाही, हे इथे ध्यानात घेतले पाहिजे. उपासकदशांग सूत्रातला आनंद श्रावक वाणिज्यग्रामचा धनाढ्य गृहस्थ होता. चार कोटी सुवर्ण निधीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात. दहा-दहा हजार गाईंचे चार गोकुळ. भगवान महावीरांसमोर व्रत घेताना त्याने हे टाकून दिले नाही. त्याने आकडा बांधला: इतके आहे, याहून अधिक नको. व्रताचे बळ आकडा आधी सांगण्यात आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली, सरकारने साठ्यावर मर्यादा घातली आणि राज्यात जागोजाग तपासणी झाली, हे डाळमिलच्या जळगावास सांगण्याची गरज नाही. बाहेरून लादलेल्या मर्यादेचा जाच तेव्हा सर्वांनी अनुभवला. स्वतः बांधलेल्या मर्यादेचा अनुभव किती घरांतल्या मुलांनी पाहिला आहे, हा प्रश्न अवघड आहे. ज्या घरात आजोबांचे परिमाण कोणास ठाऊक नाही, त्या घरात नातवाला सहावर थांब म्हणणे कठीण जाईल.

हेमचंद्राचार्य माणसाला चांगले ओळखून होते. आकडा बांधल्यावर लोक कोणत्या वाटांनी तो चुकवतात, हेही त्यांनी पाचव्या व्रताच्या अतिचारांत नोंदवले आहे. दोन शेतांमधला बांध मोडायचा आणि शेत एकच आहे म्हणायचे. जास्तीचा माल दुसऱ्याच्या हवाली करून मुदत संपल्यावर परत घ्यायचा. गाय अशा बेताने गाभण ठेवायची की व्रताची मुदत सरल्यावर ती व्यावी, म्हणजे वासरू मोजायला नको. घरात मुलाला ‘पन्नासच प्राणी ठेव’ असे सांगून पाहावे. आठ दिवसांत यांतल्या सगळ्या वाटा तो आपणहून शोधून काढील. जास्तीचे प्राणी भावाच्या कार्डात ठेवील. आणि अंडी मोजणार नाही, कारण ती अजून फुटलेली नाहीत! सुनेला ज्या अंड्याची काळजी होती, त्याचा दोष असेल तर तो इथे आहे. अशा वेळी रागावण्यापेक्षा ‘योगशास्त्रा’तला तो भाग त्याला वाचून दाखवावा. आपली युक्ती आठशे वर्षांपूर्वीच वहीत नोंदली गेली आहे, हे कळल्यावर मुलाला लाजही वाटेल आणि हसूही येईल. पाठशाळेत अतिचार पाठ करणाऱ्या किती मुलांना ते आपल्याविषयी आहेत असे वाटते?

भूमिका घेऊन खेळायचा एक खेळ जैन समाजापाशी पूर्वापार होता, तो ज्ञानबाजी. सापशिडीच्या या पूर्वजाचे जैन पट बहुधा ८४ घरांचे असत. खाली नरक, मध्ये मनुष्यलोक व स्वर्ग, आणि वर सिद्धशिला. पर्युषणाच्या दिवसांत श्रावक-श्राविका तो खेळत. सोंगटी म्हणजे जीव. तो पुण्याने चढतो, पापाने घसरतो. जिंकणाऱ्याच्या हाती शेवटी काहीच नसते, कारण सगळे सुटले की खेळ संपतो. पोकेमॉनमध्ये यादी पुरी झाली की खेळ संपावा, पण तोवर नवी यादी निघते. मुलांना दोन्ही खेळ शेजारी ठेवून खेळू द्यावेत, अशी सूचना मोहक आहे. पण जुन्या पटात मुलाचे मन दहा मिनिटांपलीकडे रमेल, अशी खात्री देता येत नाही. फाशांत त्याची स्वतःची अक्कल लागत नाही, आणि अक्कल लागली नाही तर आजचा मुलगा उठून जातो. ज्यांना पाठशाळेसाठी खेळ रचायचे असतील त्यांनी ताजिरींकडून एवढे अवश्य शिकावे.

मग घ्यावा की घेऊ नये? ज्या घरात झुंजीचा आक्षेप मनाला पटतो, त्यांनी सरळ नाही म्हणावे आणि कारण झुंजीचे सांगावे, अंड्याचे नव्हे. मुलगा अंड्याचे कारण शाळेत पाच मिनिटांत खोडून येतो आणि मग घरच्या दुसऱ्या नियमांवरचाही त्याचा विश्वास ढळतो. ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी एकच आवृत्ती घ्यावी. जळगावच्या भावाने ‘सन’ घेतला तर धुळ्याच्या मावसभावाने ‘मून’ घ्यावा. २०२४ पर्यंत इंटरनेटवरून अनोळखी माणसाशीही अदलाबदल करता येत असे. परंतु दोन यंत्रे जवळ ठेवून ती बिनतारी होते, आणि त्यासाठी पारोळा-एरंडोलवरून नव्वद-पंचाण्णव किलोमीटर येऊन एका गादीवर बसावे लागते. सुटीतली ती भेट त्या खेळातल्या कोणत्याही दुर्मीळ प्राण्यापेक्षा मोलाची आहे. आकडा खेळ सुरू होण्यापूर्वी ठरावा, मुलाने स्वतः सांगावा, आणि वहीपूजनाच्या दिवशी त्याच्या एखाद्या कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर त्यानेच लिहावा. पन्नास म्हटला तर पन्नास, शंभर म्हटला तर शंभर. मोठ्यांनी तो कमी करण्याचा आग्रह धरू नये. आनंदाचाही आकडा काही लहान नव्हता.

खरेदीविषयी दोन गोष्टी. थ्रीडीएस यंत्र आणि त्याची कार्डे प्रदेशानुसार बांधलेली असतात. अमेरिकेतले कार्ड युरोपच्या यंत्रात चालत नाही. म्हणून यंत्र दुबईहून आणि कार्ड शिकागोहून मागवू नये, नाही तर दोन्ही पाहुण्यांनी वाहून आणलेला माल कपाटात पडून राहील. टूडीएस नावाचे स्वस्त यंत्र २०१६ साली सुमारे ८० डॉलरला मिळत असे; त्यात त्रिमिती चित्र नाही, आणि सहा वर्षांपर्यंतच्या मुलांनी त्रिमिती चित्र पाहू नये असे कंपनी स्वतःच सांगत असल्याने लहानांच्या घरात तेच बरे. ज्यांच्याकडे यंत्र आधीपासून होते, त्यांना नव्या खेळाचा नमुना १८ ऑक्टोबर २०१६ पासून फुकट उतरवून घेता येत असे. तो थोड्या वेळात खेळून होत असे. चौविहारानंतर एखाद्या संध्याकाळी आजोबांनी चष्मा लावून नातवाशेजारी बसावे, आणि पहिला प्राणी पकडला जाईल तेव्हा पडद्याकडे न पाहता नातवाकडे पाहावे.